चिमाच्या खाचरातली वाकडी पात

पोशीरच्या अलीकडं, रस्त्याच्या खालच्या अंगाला पोपटची चार खाचरं. चारच, पण एकाही बांधाला भगदाड सापडायचं नाय. त्या साली पावसानं अशी खोड काढली की पेरा झाल्यावर बारा दिवस फिरकलाच नाय, आणि आला तो असा आला की सगळ्या गावाची लावणी एकाच आठवड्यात येऊन पडली. राबातलं आवण, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, वीतभर जास्त वाढलेलं, पानांची टोकं पिवळी पडायला लागलेली. अजून आठ दिवस तसंच राहिलं असतं तर म्हातारं झालं असतं, मग ते लावलं काय नि म्हशीपुढं टाकलं काय, सारखंच.

आणि लावायला बाया कुठायत? निम्म्या फार्महाऊसवर चादरी बदलायला जातात, उरलेल्यांची आपापली खाचरं. मग राहते ती सावड. आज तुझ्या दोघी माझ्यात, परवा माझ्या दोघी तुझ्यात. पैसा नाय, कागद नाय, हाताला हात. पोपटच्या भावकीतली चिमा आणि तिची सून रुचिता सोमवारी दिवसभर राबल्या आणि पोपटची वरची दोन खाचरं लावून गेल्या. त्याच्या बदल्यात गुरुवारी पोपटची बायको विमल आणि मुलगी नम्रता चिमाच्या खाचरात जाणार, आणि शुक्रवारी चिमा-रुचिता परत येऊन पोपटची खालची दोन खाचरं उरकणार, त्याची फेड मागाहून, असं ठरलं. शब्द पोपटनं दिलेला. आणि सावडीचा शब्द मोडला की पुढं कोण दारात येत नाय, मग माणूस कितीबी मोठा असो.

मंगळवारी सकाळी तिघं राबात आवण काढत बसलेली. पोपट आपला मूठ उपटायचा, पायावर आपटून मुळाचा चिखल झाडायचा, पेंढ्याचा बंद मारून मागं टाकायचा. विमल त्याच्या दुप्पट. आणि नम्रता उपटता उपटता तोंडातल्या तोंडात कायतरी पुटपुटत होती.

नम्रता बीएड झालेली. शनिवारी तिला मोहोपाड्याच्या एका इंग्रजी शाळेत नमुन्याचा पाठ द्यायचा होता. कंपन्यांतल्या माणसांची पोरं तिथं शिकतात. आठवीचा वर्ग, वीस मिनिटं, मागं बाकावर मोठ्या मॅडम वही घेऊन बसणार. पाठ आवडला तर नोकरी, नाय आवडला तर घरी. विषय त्यांनीच दिलेला. राइज आणि रेज, या दोन क्रियापदांत फरक काय आणि कुठं कुठलं वापरायचं.

पोपट तिसरीतून उठला तो थेट बैलांच्या मागं. बैल गेले, भाड्याचा पॉवर टिलर आला, तो टिलरच्या मागं. इंग्रजी येत नाय याची त्याला कधी लाज वाटली नव्हती. पण पोरगी त्यातली दोन अक्षरं शिकवायला जाणार म्हटल्यावर त्याला राहवेना. त्यानं विचारलं, दोघांत फरक काय तो मला सांग.

नम्रतानं पुस्तकातलं सांगितलं. एक अकर्मक हाय, त्याला कर्म लागत नाय. एक सकर्मक, त्याला लागतं.

पोपटनं मूठ पायावर आपटली. "हे असं सांगितलंस तर पोरं झोपतील. मॅडम पयली."

"मंग कसं सांगू?"

"मला समजंल असं सांग. मला समजलं तर कोणालापण समजंल."

मग तिनं सोपं करून सांगितलं. दोन्हीत वर जाणंच आहे. सूर्य वर येतो तिथं राइज. चुलीचा धूर वर जातो तिथं राइज. पण वर्गात हात वर करायचा, तिथं रेज. झेंडा वर चढवायचा, रेज. पोपटनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सगळं वरच तर जातंय, मग इंग्रजांना दोन शब्द कशाला लागले, एकानं भागलं नसतं का. नम्रता म्हणाली की रूपंपण वेगळी आहेत. राइजचं काल झालं तर रोज, होऊन गेलेलं असलं तर रिझन. रेजचं मात्र रेज्ड, आणि परत रेज्डच.

विमल मूठ बांधत म्हणाली, "एक बाय दर सणाला नवं लुगडं नेसती, दुसरी एकावरच वरीस काढती. एवढंच ना?"

नम्रता हसली, पण हसताना तिच्या कपाळाची आठी काय गेली नाय. पोपटनं ती आठी बघितली. पोरगी तीन ठिकाणी जाऊन आलेली. दोन ठिकाणी पुढं कळवतो म्हणाले आणि कळवलं नाय. तिसऱ्या ठिकाणी तिला विचारलं होतं, घरी इंग्रजी बोलतं का कोणी? ती नाय म्हणाली होती. ते तिनं घरी सांगितलं नव्हतं, पण मैत्रिणीला फोनवर सांगताना पोपटनं पडवीतून ऐकलेलं, आणि तेव्हापासून ते त्याच्या पोटात कुसळासारखं रुतून बसलेलं.

दुपारनंतर पाऊस वाढला. ओढ्याकाठच्या खाचराचा बांध जरा बुटका, तिथं दरवर्षी भीती. पोपट फावडं घेऊन निघाला, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, नम्रता मागून. ओढा गढूळ होऊन फुगलेला. पाणी बघता बघता बोटबोट चढत होतं. पोपट खालून चिखलाचं ढेकूळ काढून द्यायचा, नम्रता ते बांधावर बसवून पायानं दाबायची. अर्धा तास तसंच चाललं. पाणी चार बोटं चढलं, बांध पाच बोटं.

मग पोपट फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. नम्रताला वाटलं दम लागला असंल.

"नमे, पाणी चढतंय ना?"

"चढतंय की."

"त्याला कोण चढवतंय?"

"कोण नाय. पावसाचं पाणी ते."

"आपलं आपण चढतंय. मी हितं असलो काय नि नसलो काय, चढणारच. आणि बांध? मी घरी जाऊन चहा पीत बसलो तर बांध चढंल का?" त्यानं फावडं चिखलात रोवलं. "मंग पाणी राइज. बांध रेज. बांधाला माणूस लागतो."

नम्रता हातात ढेकूळ घेऊन तशीच उभी. पाऊस तोंडावरून वाहत होता तरी तिनं पुसला नाय. मग ती हळू म्हणाली, "हां बाबा. आणि नुसतं आमी रेज केलं म्हणून भागत नाय. काय रेज केलं ते सांगावंच लागतं."

"आता फावडं घेऊन आलाय म्हटल्यावर कायतरी उचलणारच ना माणूस. रिकामं फावडं कोण हालवतं?"

ती रात्री जेवताना पाठाचा कागद फाडून नवा लिहायला बसली. पोपटला आता चेव चढलेला. भाकरी मोडता मोडता त्यानं विचारलं, भाव चढतो त्याला काय म्हणतात. ती म्हणाली, राइज.

"म्हंजे खताचा भाव आपला आपण चढतो? कोण चढवतच नाय त्याला?"

"इंग्रजीत तसंच म्हणतात, बाबा."

"म्हणतील. चढवणाऱ्याला बरंच हाय ते." आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन त्यानं अजून एक भाकरी घेतली.

बुधवारी सकाळी शाळेतून फोन आला. शनिवारी मॅडम नसणार, पाठ उद्याच, गुरुवारी, दहा वाजता. नम्रतानं विचारून बघितलं, शुक्रवारी चालेल का. तिकडची बाई म्हणाली की अजून एक उमेदवार आहे, तिला उद्या जमतंय, तुमचं नसंल जमत तर तसं सांगा.

नम्रता फोन ठेवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, मी नाय जात. शब्द तुमी दिलाय. चिमाकाकूच्या खाचरात हात कमी पडला तर उद्या परवा आपल्याकडं कोण येणार? दोन खाचरं पडीक ठेवायची का माझ्यापायी?

पोपट म्हणाला, साडी काढून इस्त्री करून घे. बाकीचं माझ्यावर सोड.

सोड म्हणाला खरा, पण सोडवायचं कसं ते त्यालाही माहीत नव्हतं. तो आधी डोंगराच्या पायथ्याला वरच्या वाडीवर गेला, चिंधीकडं. चिंधी दरवर्षी दोन दिवस यायची. ती स्वतःच्याच तुकड्यात कमरेत वाकलेली, मागं तिचा नवरा पदू चिखल करत होता. तिनं मान वर न करता सांगितलं, सोमवारपर्यंत मोकळी नाय. पोपटनं आवण म्हातारं होतंय म्हणून सांगितलं, तर तिनं विचारलं, तुमचंच तेवढं म्हातारं होतं का, आमचं काय तरणं राहतं? पोपट पदूनं दिलेली तंबाखू घेऊन उतरला.

मग तो चिमाकडं गेला. चिमा साठीची बाई, अंगानं काटकी, पण अख्ख्या पट्ट्यात तिच्यासारखी लावणी कोणाची नाय. तिचं मोठं खाचर रस्त्याला लागून. येणारा जाणारा बघतो, म्हणून तिथं एक रोप वाकडं खपवून घ्यायची नाय. एका वर्षी तिच्या सख्ख्या नणंदेनं पात वाकडी नेली, तर चिमानं दुसऱ्या दिवशी पहाटे ती उपटून पुन्हा लावली होती. पात म्हणजे एकेका बाईच्या वाट्याचा पट्टा, वाकून मागं मागं सरकत ती लावत न्यायची. चिमाची पात सुतात.

ती पडवीत पाय पसरून बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांना हळद-तेल लावत बसलेली. पोपटनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, नम्रताच्या जागी मी येतो.

चिमानं बोट पुसलं. "भावजी, बाईच्या हाताला बाईचा हात. बाप्यानं आवण टाकावं, चिखल करावा. लावणी करावी असं कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाय. मी येतो."

"रस्त्यावरनं जाणारा हसंल. तुमाला नाय, माझ्या खाचराला."

"वहिनी, आज हात मोजू नका. उद्या सांजच्याला खाचर मोजा."

चिमानं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली की या, पण हात धरीन का नाय ते उद्याच सांगेन. नाय धरला तर शुक्रवारी मी एकटीच येणार, सून नाय. पोपट हो म्हणाला. एकटी चिमा एका दिवसात एकच खाचर लावणार, दुसऱ्यातलं आवण वाळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी सहाला नम्रता निघाली. निळी साडी, केसांना पिन, चपला पिशवीत. बांधावरून अनवाणी, पोपट मागून छत्री धरून. रस्त्याच्या हातपंपावर तिनं पाय धुतले, पोपटनं दांडा मारला. नेरळहून कर्जत, कर्जतहून चौक, चौकला उतरून मोहोपाडा, एवढं जायचं होतं. टेंपोत बसताना ती म्हणाली, "बाबा, कंबर धरंल तुमची."

"धरू दे. तू तिकडं मॅडमला धर."

टेंपो वळणाआड गेला आणि पोपट लेंगा गुडघ्याच्या वर खोचून चिमाच्या खाचरात उतरला.

पोपट धरून सात जण ओळीत उभे. मधली पात पोपटला दिली, एका अंगाला विमल, दुसऱ्या अंगाला रुचिता. चिमाचा मुलगा रोहिदास टिलर बाजूला लावून मुठी फेकत होता. पोपटनं मूठ सोडली, चार रोपं खोवली, आणि एक पाऊल पुढं टाकलं.

आता या माणसानं चाळीस वर्षं शेत केलेलं, पण नेहमी औतामागं, आणि औतामागं माणूस पुढंच चालतो. लावणी मागं मागं जायची असते, हे त्यानं जन्मभर बांधावरून बघितलेलं, पण पायांना ते कुठलं माहीत? पाय आपले पुढं गेले. चार रोपं लावली, चारी तुडवली. पुन्हा चार लावली, पुन्हा तुडवली. बायांनी आधी तोंडाला पदर लावला, मग तोही लावायचा सोडला.

रोहिदास बांधावरून म्हणाला, "काका, गिअर रिव्हर्सला टाका."

पोपटनं मान वर केली नाय. विमलनं वाकूनच त्याच्या पोटरीला कोपर लावलं आणि हळू म्हणाली, "मागं या. आणि मुठीनं नका दाबू. दोन बोटांनी. पोराच्या तोंडात घास घालता तसा."

मग तो मागं आला. दोन बोटांनी खोवायला लागला. पण बाप्याची बोटं ती. एक रोप खोल, एक तरंगतं, एक डावीकडं झुकलेलं. डोळ्यापुढं सगळं हिरवं-तपकिरी, पाठीवर पाऊस, मानेतून पाणी आत. तासाभरात कंबर गेली. दोन तासांत मांड्या कापायला लागल्या. नखांत चिखल शिरून नखं फुगली. रस्त्यावरून जाणारा एक मोटरसायकलवाला थांबून बघून गेला. दोन ओळखीचे थांबून विचारून गेले, काय पोपटशेठ, लुगडं कधी घेतलं? पोपट म्हणाला, विमलचंच नेसणार होतो, तिनं दिलं नाय. बाया हसल्या, पण या खेपेला हसणं त्याच्या बाजूचं होतं.

दुपारी चिमानं जेवण आणलं. सावडीच्या हाताला जेवण घरधन्याचं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. तिनं सगळ्यांना दोन दोन भाकऱ्या वाढल्या आणि पोपटपुढं एकच ठेवली. म्हणाली, अर्ध्या हाताला अर्धंच. पोपटनं ती भाकरी नीट चार घडी करून खाल्ली, पाणी प्यायला, आणि सगळ्यांच्या आधी उठून चिखलात उतरला. विमलनं आपली दुसरी भाकरी त्याला दिली नाय. द्यायला हात पुढं झाला होता, पण त्याचं तोंड बघून तिनं तो मागं घेतला. इतकी वर्षं संसार केलेली बाई ती, कुठली भाकरी लागते नि कुठली लागत नाय ते तिला कळायचं.

लावणीत एक रीत आहे. जी मागं पडते तिला कोंडतात. दोन्ही अंगांच्या बाया पुढं निघून जातात, मग तिच्या पाठीमागचा पट्टा लावत एकमेकींना मिळतात, आणि ती बिचारी चारी बाजूंनी हिरव्यात अडकून राहते. मग तिनं वडीलधाऱ्या बाईला हाक मारायची, मला सोडव गं, की ती येऊन हसत हसत उरलेलं लावते. तिसऱ्या प्रहरी रस्त्याच्या कडेला पोपट कोंडला गेला. कोंडणाऱ्यांत रुचिताबरोबर विमलपण होती. रीत म्हणजे रीत, तिथं नवरा बिवरा नाय.

साडेचारच्या सुमाराला सगळ्या बांधावर आल्या, हातपाय धुतले, चहा झाला. मोठं खाचर हिरवं होऊन उभं, आणि त्यात रस्त्याच्या बाजूला एक चिखलाचा लांबट तुकडा, त्यात पोपट. चिमा म्हणाली, भावजी, हाक मारा, रुचिता येईल.

पोपट वाकलेलाच म्हणाला, "नगं. माझी पात माझी."

रोहिदासनं तोंड उघडलं होतं, चिमानं त्याच्याकडं बघितलं, तसं त्यानं मिटलं. पोपट चार रोपं लावायचा, डाव्या हाताचं कोपर गुडघ्यावर टेकवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा चार. कंबर सरळ करायला तो भीत होता, एकदा सरळ झाली तर पुन्हा वाकणार नाय म्हणून. आणि सगळा वेळ त्याच्या मनात दुसरंच. दहा वाजून गेले. बारा वाजून गेले. काय झालं असंल? पोरीला परत विचारलं असंल का, घरी इंग्रजी बोलतं का कोणी?

पाचच्या पुढं रस्त्यावर टेंपो थांबला. नम्रता उतरली. निळ्या साडीचा काठ चिखलानं माखलेला. तिनं बांधावरच्या बायका बघितल्या, हिरव्यात कोंडलेला बाप बघितला. पिशवी आईकडं दिली, चपला काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली. चिमानं तिला कुठून आत शिरायचं ते बोटानं दाखवलं. रोपांच्या मधून एक एक पाऊल टाकत ती गेली आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला वाकली. बाप इकडून, लेक तिकडून. मध्ये आठ-दहा हात चिखल.

पोपटनं विचारलं नाय. लावत राहिला. पाच-सहा मुठीनंतर तिनंच सांगायला सुरुवात केली. वर्ग मोठा होता. पोरं चुळबुळ करत होती. तिनं फळ्यावर आधी काय लिहिलंच नाय. एक ओढा काढला, एक बांध काढला. मग त्यांना विचारलं, पाणी चढतंय, कोण चढवतंय? बांध चढवायचाय, तर आपण घरी बसलो तर काय होईल? पोरं एकदम जागी झाली. एक पोरगी म्हणाली, टीचर, कारखान्याचा धूर? तो राइज. एक म्हणाला, आमच्या सोसायटीची भिंत? ती रेज, आणि कोणी केली ते सांग. तिनं भावाचंपण सांगितलं, खताच्या. तेव्हा मागं मॅडमनी लिहायचं थांबवून मान वर केली.

"मंग?" पोपट म्हणाला. त्याची बोटं थांबली होती.

"पाठ झाल्यावर मॅडमनी खोलीत बोलावलं. म्हणाल्या, हे उदाहरण पुस्तकात नाय, कुठून आणलंस? मी म्हटलं, वडिलांनी सांगितलं."

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं. तर त्यांनी विचारलं, वडील कुठल्या शाळेत शिकवतात?"

पोपटच्या हातातली मूठ चिखलात पडली.

"तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, शिकवत नायत. आज चिमाकाकूच्या खाचरात शिकतायत." नम्रतानं रोप खोवलं. "एक तारखेपासनं ये म्हणाल्यात."

पोपट सरळ उभा राहिला. दिवसभर ज्याची भीती वाटत होती ते त्यानं केलं, आणि कंबरेत जी कळ आली तिनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कंबरेचंच ते, असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा. विमल बांधावर पिशवी छातीशी धरून बसलेली. तिनं पिशवीतला डबा काढून बघितला, पोरीनं भाकरी खाल्लीच नव्हती. मग ती पोरीवर ओरडली, सकाळपासनं उपाशी फिरतीस, शिकलेली हायस का कोण तू. ओरडता ओरडता तिनं पदरानं तोंड पुसलं.

शेवटचं रोप दोघांनी एकत्रच लावलं. मग चिमा उठली. बांधावरून सगळं खाचर एकदा फिरून बघितलं, दोन ठिकाणी वाकून तरंगतं रोप दाबलं. मधल्या पातीपाशी ती जरा जास्तच थांबली. सहा पाती सुतात, आणि मधून एक, साप गेल्यासारखी, कुठं दाट कुठं पातळ, रस्त्यावरून डोळ्यात भरेल अशी.

रोहिदासनं विचारलं, "आये, ही सकाळी उपटून सरळ करू?"

"हात लावू नको तिला." मग ती पोपटकडं वळली. "दोन हात फिटले, भावजी. एक विमलचा, एक तुमचा. पोरीनं लावलेले रोपांचे चार चूड वर, ते मी ठेवून घेते. उद्या आमी दोघी येतो." आणि जाता जाता म्हणाली, "आज भाकरी एकच वाढली. उद्या तुमच्या घरी चार खाईन."

शुक्रवारी दोघी आल्या, खालची दोन्ही खाचरं लागली, आवण म्हातारं होता होता वाचलं. त्या दिवशी पोपटला उठता येत नव्हतं. तो पडवीत उताणा पडून तिथूनच बांधावर हुकूम सोडत होता आणि कोणी ऐकत नव्हतं.

नवरात्रात भात निसवलं, लोंब्या भरल्या. नम्रता रोज सकाळी रस्त्याला उभी राहून टेंपो धरायची, पोपट तिला सोडायला यायचा, गरज नसताना. चिमाचं खाचर पिवळं पडायला लागलेलं, आणि त्यात ती वाकडी पात लोंब्यांनी वाकून अजूनच वाकडी दिसायची. एक दिवस तिथं टेंपोसाठी थांबलेल्या परक्या माणसानं विचारलं, बाकी लावणी एवढी सरळ आणि ही मधलीच अशी कशी, कोणाचा हात चुकला?

पोपटनं टोपी सारखी केली.

"चुकला नाय," तो म्हणाला. "तो हात माझा हाय."